डाव्या कमरेचं पिस्तूल

नयन राठोड डावखुरी. आता हे काही पाप नव्हे, पण बाभुळगावकडच्या त्यांच्या तांड्यावर ते पापातच जमा. जेवायला बसलं की आई, मैनाबाई, तिचा डावा हात ओढणीनं पाठीमागं बांधायची आणि म्हणायची, "खा आता माणसावानी." नयन उजव्या हातानं जेवायला शिकली. लिहायला मात्र नाही, आणि पुढं फौजदार झाल्यावर गोळी चालवायलाही नाही. प्रशिक्षणात भल्याभल्या नेमबाजांना तिनं डाव्याच हातानं पाणी पाजलं होतं.

मग घाटंजीच्या वाटेवरच्या एका लहानशा ठाण्यात नेमणूक झाली आणि हातात होल्स्टर पडलं. होल्स्टर म्हणजे पिस्तूल कमरेला लावायची चामड्याची खोळ. ही उजव्या कमरेसाठी शिवलेली. डाव्या कमरेची मागितली तर देणारा हसला. म्हणाला, "मॅडम, पिस्तूल काही डावं-उजवं पाहत नाही." पिस्तूल पाहत नसेल, खोळ पाहते. ती डाव्या कमरेला लावली की पिस्तुलाची मूठ पुढं, समोरच्या माणसाच्या थेट हाताशी यायची.

एका बाजारच्या दिवशी व्हायचं तेच झालं. भांडण सोडवताना एका झिंगलेल्या गड्यानं मूठच धरली. खोळीचं बटण टचकन उघडलं. नयननं दोन्ही हातांनी पिस्तूल दाबून धरलं नसतं तर काय झालं असतं, याचा विचारही तिला नको वाटत होता.

ठाणेदार बबनरावांनी मात्र विचार करून ठेवला होता. "पिस्तूल जमा कर अन् टेबलावर बस. नाहीतर उजव्या हातानं चालवाले शिक. पुढच्या बाजारात मले असा तमाशा नको."

नयनचं डोकंच फिरलं. हात घातला गड्यानं, उघडलं खात्याचं बटण, आणि खोट निघाली तिच्या हातात! टेबलावरच बसायचं होतं तर भरतीसाठी पहाटे उठून ती कशाला धावली होती? आता हा हात पुन्हा कोणी बांधायचा नाही, हे तिनं तिथंच ठरवलं. बोलली फक्त एवढंच, "बाजारापर्यंत थांबा, साहेब."

तिनं पदरमोड करून डाव्या हाताचं होल्स्टर मागवलं. अंगठ्यानं खटका दाबल्याशिवाय पिस्तूल सुटायचं नाही, असं. ते कमरेला अडकवायच्या दोन तऱ्हा होत्या. एक चपटी जीभ, पँटच्या आत खोचायची. दुसरी फटी असलेली पट्टी, तिच्यातून कमरेचा पट्टा ओवायचा. जीभ मोठी सोयीची, खोचली की झालं. नयनला तीच आवडली.

तिनं पिस्तूल रिकामं केलं, पुन्हा तपासलं आणि हवालदार इंदुताईंना म्हणाली, "ओढा. जीव खाऊन ओढा."

इंदुताईंनी ओढलं. खटका बिचारा इमानदार, त्यानं पिस्तूल सोडलं नाही. पण पिस्तुलासकट अख्खी खोळच इंदुताईंच्या हातात आली.

"अवो मॅडम, हे तं चोराले घरपोच झालं!"

दोघी पोट धरून हसल्या आणि नयनची त्या जिभेवरची माया संपली. मग दुसरी तऱ्हा. पट्टा एका फटीतून, मग पँटच्या लूपमधून, मग दुसऱ्या फटीतून, म्हणजे खोळ पुढंमागं सरकायलाही नको. पट्टीचे स्क्रू आवळले. आता इंदुताईंनी ओढलं तर नयनच त्यांच्या अंगावर गेली, खोळ होती तिथंच राहिली.

बाजाराच्या सकाळी ती बबनरावांसमोर उभी राहिली. पिस्तूल रिकामं करून दाखवलं, होल्स्टरमध्ये ठेवलं. "ओढा, साहेब."

"पागल झाली काय तू?"

"तो झिंगलेला माणूस मले विचारून आलता काय? ओढा."

अख्खं ठाणं कामं सोडून दारात जमलं. बबनरावांनी एका हातानं ओढलं, मग दोन्ही हातांनी. नयन पाय रोवून उभी. साहेबांचा चेहरा लाल झाला, होल्स्टर जागचं हललं नाही. ते दमून मागं सरले, तोच तिचा डावा अंगठा खटक्यावर गेला आणि पिस्तूल अलगद बाहेर आलं, नळी जमिनीकडं.

हरल्यावरही साहेबांना काहीतरी बोलायला हवंच होतं. "ते ठीक हाय. पण मंग ह्या उजव्या हाताचं काय करशीन?"

नयननं पिस्तूल परत ठेवलं. खटका लागल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मग तिनं टाचा जुळवल्या आणि उजवा हात कपाळाशी नेऊन कडक सलाम ठोकला.

"हा तुमच्या सलामीले, साहेब. डावा माहा."