लागू नाही

"मुरुमांमुळे गेल्या आठवड्यात कामात अडचण आली?" शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काम तं सुटलं, मॅडम," राजदीप म्हणाला.

"मग लागू नाही." त्यांनी शून्य मांडलं.

पुसदच्या त्या होमिओपॅथी दवाखान्यात तरुणांच्या मुरुमांचा अभ्यास चालला होता. गोळ्या फुकट, बदल्यात ही प्रश्नोत्तरं. त्रास जितका जास्त तितके गुण जास्त. त्रास नसला किंवा प्रश्नच लागू नसला, तर शून्य.

"ठणका?"

"थोडा हाय."

"एक. मित्रांत जायला लाज वाटली?"

"जातच नाही न मी कुठी."

"शून्य. लग्नाकार्यात?"

"कोनी बोलावलंच नाही."

पुन्हा शून्य.

राजदीप साडीच्या दुकानातला हुकमी गडी. पदर स्वतःच्याच खांद्यावर टाकून असा उभा राही, की एक घ्यायला आलेल्या बायका दोन घेऊन जात. मग गालांवर पिवळ्या पुळ्या उठल्या. बस्ता बांधायला आलेल्या एका बाईने त्याच्या अंगावरचा शालू पाहता पाहता तोंड फिरवलं. "दुसऱ्या पोराले दाखवाले सांगा बाप्पा! शालू पाहावं का याचं थोबाड?" सगळी मंडळी खो खो हसली. संध्याकाळी शेठने मायेने सांगितलं, "तोंड साफ कर अन् ये. जागा तुहीच हाय." गोड बोलून पोटावर पाय देणाऱ्यांची आपल्याकडे कधी वाण पडली नाही. दुसऱ्याच दिवशी राजदीपने हा दवाखाना गाठला. तेव्हापासून तो साबुदाण्याएवढ्या गोळ्या भक्तिभावाने चघळत होता. पथ्य म्हणून कच्चा कांदासुद्धा सोडला होता.

मॅडमनी बेरीज केली आणि त्यांची कळी खुलली. "अहो, आलात तेव्हा किती वाईट होतं! आता त्रास जवळजवळ नाहीच. जीवनमान सुधारलं तुमचं. आता गोळ्या बंद करू."

"पन तोंड तं तसंच हाय, मॅडम! शेठले काय सांगू मी?"

"पुळ्याही जातील हळूहळू. बाहेर नवीन पेशंट आहे, तिला जरा सांगा ना. धीर येईल."

राजदीपच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोणाचं जीवनमान, अन् कोणी सुधारलं? पण समोरच्याचं मन राखायची दुकानातली सवय हाडीमाशी खिळलेली. तो बाहेर आला.

बाकावर एक पोरगी दुपट्ट्याने अर्धं तोंड झाकून बसली होती. मॅडम दारात येऊन कौतुकाने उभ्या राहिल्या.

"लय फरक पडते, ताई," राजदीप म्हणाला. "घ्या बिनधास्त."

पोरीने मान वर करून त्याचे गाल पाहिले. इतका वेळ त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहणारी ती पहिलीच. मग ती उठली, दुपट्टा डोळ्यांपर्यंत ओढला आणि चालती झाली.