कुंडातली ऊब

पौषातल्या मंगळवारी मठाच्या कुंडावर वाफेचा पातळ पदर तरंगत असे. सातपुड्याकडून येणाऱ्या वाऱ्याने सगळे संग्रामपूर काकडत असताना हे पाणी ऊन कसे, या एकाच नवलापायी इतकी दाटी होई, की मागच्यांना वाफेखेरीज काही दिसत नसे. ढोल वाजत, धुपाने डोळे चुरचुरत, आणि जलानंद महाराज पाण्यात उभे राहून सांगत, "पाणी म्हंजे देवीचं पोट. पोटातलं लेकरू कधी लंगडं राह्यते काय? लंगडेपण बाहेरच्या पापाचं."

मग ते माझ्या बहिणीला पाण्यात घेत.

प्रेमला नऊ वर्षांची. जन्मताना ती अडकली आणि रडायला तिला फार वेळ लागला. तेव्हापासून तिचे पाय ताठ, एकमेकांवर कात्रीसारखे चढलेले. इजा मेंदूला आहे, पायांना नाही, आणि पाप तर कोणाचेच नाही, असे बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितले होते. आईने ते ऐकले आणि पदराने डोळे पुसले. कुंडात मात्र ते पाय हळूहळू सुटत. महाराजांचे एक बोट धरून प्रेमला छातीभर पाण्यात उभी राही आणि हसे. ते हसू पाहून मीही रडलो आहे. शंका घेणाऱ्याला काळीज नसते, असे कोणी समजू नये.

काठावर आणताच ती कोसळे. त्याचेही उत्तर महाराजांपाशी तयार होते: घरची हवा बाधते. शाकंभरी पौर्णिमेला पोर कायमची मठाला वाहा, घरच्यांनी पुन्हा तोंड पाहायचे नाही, म्हणजे ती कोरड्या जमिनीवर चालेल. आई कबूल झाली. मी शाळेत शिकवतो, पण माझा आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंतही धड पोचत नाही. घरी मी नको म्हणालो, तेव्हा आईने एवढेच विचारले, "तुह्या पुस्तकानं तिले कधी उभं केलं का रे, मार्तंड?"

पौर्णिमेआधीच्या मंगळवारी वाफेने ढोलाचे कातडे सैल पडले आणि ते शेकण्यासाठी वाजवणारे थांबले. त्या अचानक पडलेल्या शांततेत भिंतीमागून एक संथ ठोका ऐकू आला. मी वळसा घालून गेलो. मठाच्या विहिरीवरचे तेलाचे इंजिन चालू होते. तापलेले इंजिन निववण्यासाठी त्यातून पाणी फिरवतात. ते कढत होऊन एका नळीने बाहेर पडते. इथे ती नळी मातीखाली पुरून भिंतीतून कुंडात सोडली होती. ढोल हा ठोका झाकण्यासाठी होता आणि धूप इंजिनाच्या धुराचा वास लपवण्यासाठी.

मी आईला हात धरून तिथे आणले. आमच्या शेजारचे महादेवराव मळेवाले. त्यांच्या इंजिनाच्या हौदावर ती सारा हिवाळा कपडे धूत आली आहे. तिने नळीखालचे पाणी ओंजळीत घेतले, हुंगले.

"हे तं इंजिनचं पानी व्हय," ती म्हणाली.

महाराजांना मी हे हळू आवाजातच विचारले. ते मोठ्याने हसले. "मास्तर, इंजिनातही देवीच हाय ना बे!" सगळी गर्दी हसली. मला त्या हसण्याचा राग आला नाही. फक्त फार थकल्यासारखे झाले.

परतताना आई म्हणाली, "पानी इंजिनचं, मान्य. पण पोरगी उभी राह्यली, ते कोनाचं?"

प्रश्न योग्य होता. दुसऱ्या दिवशी महादेवरावांनी इंजिन लावले, हौद कोमट होऊ दिला. ना मंत्र, ना धूप. मी प्रेमलाला घेऊन आत उतरलो. थोड्या वेळाने तिच्या पायांची कात्री सुटली. माझे बोट धरून ती उभी राहिली आणि तशीच हसली.

विहिरीत बुडलेली भरली घागर दोराला हलकी लागते आणि पाण्याबाहेर येताच हात ओढते, हे मी आईला सांगितले. पाणी प्रेमलाचेही ओझे उचलते आणि ऊब तिच्या आखडलेल्या स्नायूंना सैल करते. अशा पाण्यात रोज हातपाय हलवले, तर त्यांत थोडे बळ येईल.

"पोरगी चालन का?" आईने विचारले.

खोटे बोलणे किती सोपे होते. "माहीत नाही," मी म्हणालो. "दुखणं कमी होईल. कदाचित धरून उभी राहील."

आई लुगडे खोचून हौदात उतरली. "कसं हालवाचं, दाखव मले," ती म्हणाली. पौर्णिमेला मठाची बैलगाडी दारात आली, ती रिकामी परत गेली.

कुंडावर अजून गर्दी होते. महादेवरावांच्या हौदाच्या काठावरही परवा कोणी हळद-कुंकू वाहून गेले. ते मी धुऊन टाकले. वाचकहो, बुद्धीचे आश्वासन नेहमी भोंदूच्या आश्वासनापेक्षा लहान असते. म्हणूनच ते पटायला जड जाते. पण ते लेकराला आईपासून तोडत नाही. कोणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी भिंतीमागे एकदा जाऊन या. आणि पाण्याबाहेर काढलेले लेकरू हातांना जड लागले, तर ते ओझे शरीराचे असते. त्याला पाप म्हणू नका.