उशीला मारायचं

भाजी आळणी निघाली एवढंच निमित्त झालं आणि वेल्डरने ताट भिंतीवर भिरकावलं. बायकोचे केस मुठीत धरून त्याने तिचं डोकं कपाटावर आपटलं. ओठ फाटून रक्त हनुवटीवर ओघळलं. दिवसभर अंगावर ठिणग्या झेलणाऱ्या या बहाद्दराला एक आळणी घास सोसवला नाही! त्याने पुन्हा मूठ उगारली, तेवढ्यात पहिलीतली लेक उशी घेऊन धावत आली. राग आला की माणसाला नाही, उशीला मारायचं, असं शाळेत बाईंनी शिकवलं होतं. लेकीने उशी आईच्या पोटावर दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरली आणि बाईंसारख्याच समजुतीच्या सुरात म्हणाली, "बाबा, आता मारा. आईला कमी लागेल."