विमानाने गेलं की दडे बसतात

टिटवीच्या आईने विमानाची तिकिटं काढली आणि दोन दिवस घरात कुणाला पत्ता लागू दिला नाही. चोरी केली नव्हती, पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, जेवताना मान खाली घालून जेवत होती.

टिटवी हे काही मुलीचं खरं नाव नव्हे. जन्मताच तिने असा टाहो फोडला होता की आजोबा म्हणाले, "ही मुलगी नाही, टिटवी आहे." ते नाव चिकटलं ते चिकटलंच. दाखल्यावरचं नाव आता फक्त दाखल्यालाच माहीत होतं. नऊ वर्षांची झाली तरी आवाज तोच, फक्त आता तो गाण्याच्या कामी येत होता.

आई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा आणि काचेवरच्या शेकडो पेशींच्या गोल चकत्यांमधून जी एखादी वाकडी असेल ती हुडकून काढायची. वाकडं शोधायची डोळ्याला अशी सवय जडली होती की घरी आल्यावरही डोळा कामावरच असे. तान्ह्या गब्बूच्या दुपट्यात अडकलेली टाचणी, अर्धवट फिरवलेलं गॅसचं बटण, झोपेत टिटवीच्या छातीत वाजणारी बारीकशी शीळ, काही म्हणजे काही तिच्या नजरेतून सुटत नसे. आता शाळेचं समूहगान पथक स्पर्धेसाठी दुसऱ्या शहरात निघालं होतं, रात्रभराच्या गाडीने. गाडी म्हटल्याबरोबर तिला दिसायला लागले होते ते उघडे दरवाजे, वरचे बाक आणि मधल्या स्टेशनांवर पाण्यासाठी उतरलेली पोरं.

शेवटी एका संध्याकाळी ताटं वाढून झाल्यावर तिने बोलून टाकलं.

"स्पर्धेला आपण विमानाने जातोय. टिटवी, मी, आजी आणि गब्बू. तिकिटं काढलीत."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. सासूबाईंनी आधी गब्बूकडे पाहिलं, मग छताकडे, जणू विमान तिथेच येऊन थांबलं होतं. टिटवी आता नाचेल, अशी सगळ्यांचीच खात्री होती. विमानाचा आवाज आला की ही मुलगी जेवण टाकून बाल्कनीत धावणारी. पण टिटवीने चमचा ताटात ठेवला.

"मला नाही येता यायचं."

"का गं?"

"विमानाने गेलं की दडे बसतात कानात. गाण्याचे सर म्हणतात."

"काहीतरीच!" बाबा म्हणाला. त्याचं काम लिफ्ट दुरुस्तीचं. "मी दिवसभर लिफ्टच्या टपावर बसून वर-खाली करतो. माझे कुठे बसतात?"

"तुझे बसलेलेच आहेत," सासूबाई म्हणाल्या. "मी हाक मारली की कधी ऐकू येतं तुला?"

"थोडा वेळ बसतात गं," आईने समजावलं. "आपोआप सुटतात."

"आणि नाही सुटले तर? आई, मी सूर देते."

हे खरं होतं. ही मुलं वाद्यांशिवाय गात. बाकीच्या पथकांचे शिक्षक सूर जुळवायचा लोखंडी काटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, वाजवून मुलांना सुरुवातीचा सूर ऐकवत. ह्या पथकात तसं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तालमीला बसलेल्या टिटवीने तक्रार केली होती की वर्गातला पंखा आणि शेजारच्या खोलीतला फ्रिज एकमेकांशी जमत नाहीत, आणि दोघांच्या मधोमध बसून तिचं डोकं दुखतं. सरांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. तेव्हापासून पहिला सूर टिटवी द्यायची, डोक्यातला काढून.

"एक दिवस काटा वाजवतील सर. आभाळ कोसळणार आहे का?" आई म्हणाली.

टिटवी रडली नाही, पाय आपटले नाहीत. "बघ तूच," एवढंच म्हणून ताट उचलून मोरीकडे गेली. आईला वाटलं, त्यापेक्षा थयथयाट केला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी आई स्वतःच सरांना सांगायला शाळेत गेली. तालीम वरच्या मजल्यावरच्या खोलीत चालायची. एका बाजूला मोडकी बाकं रचलेली, खिडकीची कडी तुटलेली म्हणून फटीत वर्तमानपत्राची घडी खुपसलेली. वाऱ्याने पंख्याची पाती हलत होती आणि आत वीस-बावीस पोरांचा बाजार भरला होता. कुणी कुणाला ढकलत होतं, एक दांडगा मुलगा पुढचीच्या वेण्यांचा लगाम करून घोडा हाकत होता. आई दारातच उभी राहिली.

सरांनी हात वर केला. बाजार उठला.

दुसऱ्या रांगेच्या कडेला टिटवी उभी होती. तिने डोळे मिटले. गळ्याच्या खळग्यावर एक बोट ठेवलं. आणि मग आला तो आवाज. नेहमीचा घर डोक्यावर घेणारा नव्हे. बारीक, सरळ, ताणलेल्या दोऱ्यासारखा. वेण्या ओढणाऱ्या त्या दांडग्यानेसुद्धा मान कलती करून तो असा घेतला, जसा लहान मूल दोन्ही हातांनी पेला घेतं. पोरांनी तोंडं उघडली आणि खोली भरून गेली.

सरांनी खिशातून काटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि आईच्या कानाशी धरला. तोच सूर. तसूभरही इकडे-तिकडे नाही.

गाणं संपल्यावर ते म्हणाले, "ताई, विमानाने न्यायचं तर न्या. आई तुम्ही आहात. मी काटा वाजवीन, पोरं गातील. पण एकदा मी एका पथकाला विमानाने नेलं होतं. निम्मी पोरं रंगमंचावर जांभया देत उभी. कान सुटावेत म्हणून हो! परीक्षकांना वाटलं, ह्यांचं गाणं ह्यांनाच कंटाळवाणं होतंय."

तिला हसू फुटलं आणि स्वतःचाच राग आला. "दरवाजापाशी कोण असेल?" तिने विचारलं.

"एकीकडे मी, दुसरीकडे चित्रकलेच्या बाई."

"वरच्या बाकावर?"

"सामान."

"मी आले तर चालेल डब्यात?"

"आया नाही घेत मी डब्यात," सर हात जोडून म्हणाले. "एक आई चढली की पोरांना एकदम भूक लागते, थंडी वाजते आणि पोटात दुखतं."

तसंही गब्बूला आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना रात्रभराची गाडी सोसणारी नव्हती. विचार करते, म्हणत आई टिटवीला घेऊन घरी निघाली.

रस्त्यात डोक्यावरून विमान गेलं. टिटवी जागच्या जागी थांबली. मान मोडेल इतकी मागे टाकून, ते समोरच्या इमारतीआड जाईपर्यंत बघत राहिली. मग काही झालंच नाही अशी पुन्हा फरशा मोजत उड्या मारायला लागली.

"तुला बसायचं नाही का गं त्यात?"

"बसायचंय की! खूप."

"मग?"

"मग काय? स्पर्धा आहे ना."

एवढंच. तक्रार नाही, त्यागाचा आव नाही, 'बघ मी किती शहाणी' असं आईकडे वळून बघणंही नाही. रस्त्याच्या कडेने चालता चालता आईने सवयीने ह्या उत्तरात काही वाकडं सापडतंय का ते पाहिलं. सापडेना. नऊ वर्षांच्या पोरीने सगळ्यात आवडीची गोष्ट मनातल्या मनात तोलून बाजूला ठेवली होती, आणि आपण तिला गाडीच्या दरवाजाची कडी लावता येईल का म्हणून जिवाला घोर लावून बसलो होतो.

घरी पोचल्यावर तिने टिटवीचं जायचं तिकीट रद्द केलं. फक्त जायचं.

स्टेशनवर निरोप द्यायला सगळे गेले. आईने सूचनांना सुरुवात करताच टिटवीने बोटावर मोजत त्या स्वतःच म्हणून दाखवल्या. दाराशी जायचं नाही, स्टेशनवर उतरायचं नाही, मफलर काढायचा नाही, कुणी दिलेलं खायचं नाही. "आणि आई, तू झोप," शेवटची तिने स्वतःची घातली. गाडी हलली. खिडकीत मफलर हलत राहिला, मग तोही दिसेना.

आई झोपली नाही हे सांगायला नकोच. सकाळी अंथरुणातून उठली ती नाक चोंदलेलं घेऊन.

विमानात सासूबाई पहिल्यांदाच बसत होत्या, पण अशा ऐटीत जणू माहेर ढगातच होतं. हवाईसुंदरीने पुढे केलेल्या गोळ्यांतल्या त्यांनी मूठभर उचलल्या, एक तोंडात टाकली, बाकीच्या पर्समध्ये. गब्बूच्या तोंडात बाटली होती. टिटवीच्या आईच्या तोंडात काहीच नव्हतं. तिने दात आवळले होते, जणू विमान तीच उचलून धरत होती. खाली उतरताना उजव्या कानात ठक् झालं. मग डाव्या.

"पोचली असेल ना हो गाडी?" तिने विचारलं.

सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. त्या काहीतरी म्हणाल्या, ओठांवरून कळलं ते असं, "ओरडतेस काय? सगळे बघतायत."

ती पाणी प्यायली. जांभया दिल्या. नाक दाबून फुंकलं. सासूबाईंच्या पर्समधली गोळी चघळली. कान उघडायचं नाव घेईनात. टॅक्सीचा भोंगा उशीतून आल्यासारखा येत होता आणि गब्बू रडत होता तो शेजारच्या घरात.

सभागृहाच्या मागच्या बाजूला टिटवी धावत आली, केस नीट, मफलर गळ्यात, अंग धडधाकट. भरभर काहीतरी सांगायला लागली. आई नुसती मान हलवत राहिली. टिटवी मधेच थांबली. आईच्या तोंडाकडे बघितलं. मग स्वतःच्या कानावर बोट ठेवून भुवया उंचावल्या.

आईने कबुलीची मान हलवली.

टिटवी खदखदून हसली, आईचा गाल थोपटला, अगदी गब्बूचा थोपटतात तसा, आणि पळाली.

आईला मात्र आता रडू कोसळायचं बाकी होतं. ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला ते गाणंच ऐकू येणार नव्हतं. एक पथक आलं, गेलं. दुसरं आलं, गेलं. मुलांची तोंडं उघडत होती, मिटत होती, काचेच्या पेटीतल्या माशांसारखी. मग ते आले. दोन रांगा. दुसऱ्या रांगेच्या कडेला टिटवी.

डोळे मिटले गेले. बोट खळग्यावर गेलं.

ऐकू काहीच आलं नाही. तेव्हा आईने तेच केलं जे तिला येत होतं. डोळा लावला. एकेक चेहरा, उजवीकडून डावीकडे, काचेवरच्या चकत्या तपासाव्यात तसा. सूर वरचा लागला असता तर पुढच्या बुटक्या पोरांनी हनुवट्या उचलल्या असत्या. खालचा लागला असता तर मागच्या दांडग्यांच्या हनुवट्या छातीत गेल्या असत्या. एकही हनुवटी हलली नाही. कुणी कुणाकडे बघितलं नाही, कुणाच्या कपाळाला आठी नाही. सगळ्या छात्या एकदम भरल्या. सरांचा उजवा हात कोटाच्या खिशात होता, काट्यावर. तो बाहेर आला. रिकामा.

अख्ख्या रंगमंचावर तिला एक वाकडी चकती सापडली नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीत वाकडं न सापडल्याचा असा आनंद तिला कधी झाला नव्हता.

सासूबाईंनी कोपर मारलं. रडतेस कशाला, असं काहीतरी म्हणाल्या असाव्यात. तिला कळलंही नव्हतं की गाल ओले झालेत. गाणं संपलं. एका परीक्षकाने आपला काटा टेबलावर आपटून कानाशी धरला, मुलं सुरातून घसरली का ते बघायला, आणि शेजारच्याकडे असं पाहिलं की दोघांच्याही भुवया कपाळात गेल्या. तिने आवंढा गिळला.

आणि पट्!

टाळ्या एकदम कानात घुसल्या. ती दचकली. त्या कडकडाटात सगळ्यात आधी ऐकू आला तो सासूबाईंचा आवाज. पुढच्या रांगेतल्या अनोळखी बाईच्या खांद्यावर थापट्या मारत त्या सांगत होत्या, "ती कडेची! मफलरवाली! आमची आहे ती!"

एरवी तिने त्यांना हळूच चिमटा काढला असता. चारचौघांत असं करतात का? आज ती स्वतःच पुढे झुकली आणि सासूबाईंच्या वरताण आवाजात म्हणाली, "माझी मुलगी आहे. सूर तीच देते."

प्रसंगी टिटवीही समुद्र आटवते म्हणतात. हिने घोटभर तरी आटवला होता.

पथकाचा नंबर दुसरा आला. "पहिला आला त्यांचा ताल आपल्यापेक्षा चांगला होता," टिटवीने बाहेर आल्या आल्या सांगून टाकलं. मग आईचा हात धरून हळूच, "आई, स्पर्धा तर झाली ना आता?"

"झाली की."

"मग आता दडे बसले तर चालतील."

सर मागेच उभे होते. त्यांनी हसून मान डोलावली. परतीचं तिकीट आईच्या पर्समध्ये होतंच.

विमानात खिडकीची जागा टिटवीची. ढग दिसले तशी ती अशी किंचाळली की चार रांगांनी वळून बघितलं आणि नावाचा खुलासा कुणाला करावा लागला नाही. उतरायला लागल्यावर आजीने पर्समधली गोळी काढून दिली.

"नको. मला बघायचंय कसे बसतात ते." ती ताठ बसली. थोड्या वेळाने डोळे मोठे झाले. "बसले! आई, बसले! थांब हं."

डोळे मिटून, खळग्यावर बोट ठेवून तिने सूर लावला. मग एक डोळा उघडला. "बरोबर आला?"

आईचे कान केव्हाच पुन्हा बंद झाले होते. टिटवीचा प्रश्न तिने ओठांवरूनच वाचला. "एकदम बरोबर!" ती म्हणाली, मोठ्याने, छाती फुगवून.

टिटवीने नाक मुरडलं आणि तिला कळावं म्हणून ओठ मोठे करकरून सांगितलं, "चूक. वरचा लागला. बोटाला कळतं." मग खिडकीकडे वळता वळता पुन्हा मागे बघून, "म्हणून तर जाताना गाडी."

आईने मान हलवली. त्या बोटाकडे बघत राहिली. विमान खाली खाली येत होतं, आणि ह्या वेळी तिचे दात आवळलेले नव्हते.