शिक्केसाहेबांची मुदत

शिक्केसाहेबांनी वजनमाप खात्यात तीस वर्षं निरीक्षक म्हणून काढली, आणि त्या तीस वर्षांत एकाही दुकानदाराचा चहा घेतला नाही की रडगाणं ऐकून घेतलं नाही. वर्षातून एकदा काट्याची तपासणी, तपासणीनंतर शिक्का, आणि शिक्क्याची मुदत एका दिवसानं जरी टळली तरी काटा जप्त. "साहेब, कालपर्यंत बरोबर होता, एका दिवसात काय होतंय?" असं कुणी गयावया करू लागलं की उत्तर ठरलेलं असायचं, "काटा बिघडतो तेव्हा आवाज करत नाही." लोक तोंडावर साहेब म्हणायचे आणि पाठीमागे शिक्केसाहेब. निवृत्तीनंतर तेच नाव तोंडावरही आलं, आणि खरं सांगायचं तर ते त्यांना आवडायचं.

त्यांच्या बायकोचे हात दोन वर्षांपासून कापत होते. बाईंनी जन्मभर काजं करून दिलेली. तीन शिंपी आपापली दुकानं सोडून काजांसाठी त्यांच्या दारात यायचे. आता सुईत दोरा ओवणं तर लांबच राहिलं, सकाळच्या चहात साखर घालताना निम्मा चमचा ओट्यावर सांडायचा. बाई हसून फडकं फिरवायच्या. साहेबांना ते हसू बघवत नसे, मग ते उगीचच वर्तमानपत्र उघडून बसायचे.

त्याच वर्तमानपत्रात एक दिवस जाहिरात आली. हातांच्या कापऱ्यावर नवं औषध निघालं होतं. आजाऱ्यांना देण्याआधी ते साठीपुढच्या बारा निरोगी माणसांनी घेऊन बघायचं होतं.

"मी जातो," साहेब म्हणाले. "माझ्यामुळे तुझं औषध चार पावलं जरी लवकर आलं तरी पुरे."

"निरोगी माणसं मागितलीत हो," बायको म्हणाली. पण त्या दिवशी तिनं शेजारणीला दोनदा सांगितलं की आमचे हे माझ्यासाठी औषध घेणार आहेत.

चाचणी केंद्रात साहेबांची तपासणी झाली. रक्त, लघवी, रक्तदाब, वजन, छातीचा ईसीजी. सगळं जिथल्या तिथे. साहेबांनी अहवालाची प्रत मागून घेतली आणि घरी आल्याबरोबर काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावली.

घोळ झाला तो इथे. आयुष्यभर ज्यानं वर्षावर्षाचे शिक्के मारले, त्याला तपासणी म्हटली की वर्षभराची निश्चिंती वाटायची. केंद्रातल्या सिस्टरनी दिलेल्या कागदावर 'तपासणीची मुदत अठ्ठावीस दिवस' असं ठळक छापलेलं होतं, पण साहेबांनी आजवर दुसऱ्यांना मुदती वाचून दाखवल्या होत्या, स्वतःची कधी वाचली नव्हती. अहवाल भिंतीवर चढला आणि चहात एकच चमचा साखर, बाकी गोडखारं वर्ज्य, ही बायकोनं सात वर्षं घातलेली बंदी साहेबांनी एका सकाळी उठवली. "तुझे हात कशाला शिणवतेस," असं वर मानभावीपणानं म्हणत चहात साखर ते स्वतःच्या हातानं घालू लागले. दोन चमचे, शीग लावून. शिवाय गोड बिस्किटं, खारे शेंगदाणे, संध्याकाळच्या चालण्याला रजा. बायको काही बोलली की ते भिंतीकडे बोट दाखवायचे.

औषधाची पेटी वाटेत कुठेतरी अडकली आणि पहिली गोळी दोन दिवस पुढे गेली. ठरल्या सकाळी साहेब उपाशीपोटी, बॅग घेऊन, दाढी करून केंद्रात हजर झाले. टेबलामागे सिस्टर होत्या. त्यांनी कागद बघितला, कॅलेंडर बघितलं, बोटावर मोजलं.

"काका, तुमच्या तपासणीला आज तीस दिवस झाले. अठ्ठावीसच चालतात. पुन्हा करावी लागेल."

"दोन दिवसांनी काय फरक पडतो? महिन्यापूर्वी मी ठणठणीत होतो, आजही आहे."

"आज कसे आहात ते माहीत नसेल, तर उद्या काही बिनसलं की गोळीनं बिनसलं की आधीचंच होतं, कसं कळणार? तुम्हालाही त्रास आणि आमचा निष्कर्षही चुकीचा."

"अहो, मी सांगतोय ना, माझ्यात काही बदललेलं नाही."

सिस्टरनी चष्मा खाली केला. "काटा बिघडतो तेव्हा आवाज करत नाही, काका."

साहेब चपापले. हे वाक्य त्यांच्या मालकीचं होतं.

"बाबांच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मी गल्ल्यामागे बसून गृहपाठ करायचे," सिस्टर म्हणाल्या. "एक दिवस उशीर झाला म्हणून तुम्ही आमचा काटा उचलून नेलात. बाबा आठवडाभर तुमच्या नावानं खडे फोडत होते. नंतर तपासलं तेव्हा काटा खरोखरच ग्राहकाला कमी देत निघाला. बाबांनाही माहीत नव्हतं. तेव्हापासून मी तारखा बघते."

 साहेब मुकाट्यानं वजनाच्या यंत्रापाशी गेले. चढण्याआधी मात्र ते वाकले, मग गुडघ्यावर बसले, आणि यंत्राच्या मागची तपासणीची चिठ्ठी शोधू लागले. ती टळलेली निघावी अशी त्यांनी मनोमन प्रार्थना केली. तीस वर्षांत एखादा काटा खोटा निघावा असं त्यांना पहिल्यांदाच वाटत होतं. चिठ्ठीची मुदत पुढच्या महिन्यापर्यंत होती.

"नियमात आहे," ते पडेल आवाजात म्हणाले आणि चढले.

साडेतीन किलो जास्त. रक्तदाब जास्त. दुपारी साखरेचा आकडा आला, तोही रेषेच्या वर. बाहेर बाकावर राखीव म्हणून बसवलेला एक निवृत्त पोस्टमन आत बोलावला गेला. त्याची तपासणी चार दिवसांपूर्वीची होती.

"दीड महिन्यानं दुसरी तुकडी आहे," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. "तेव्हा परत तपासू. पण घरून नीट होऊन या."

घरी येईपर्यंत साहेबांनी तीन सबबी जुळवल्या होत्या. दार उघडलं तेव्हा बायको हात पदरात लपवून उभी होती, कारण हात जास्तच कापत होते. तिला आशा लागून राहिली होती, पण महिनाभर तिनं ताकास तूर लागू दिली नव्हती. साहेबांना एकदम रडू फुटलं. तिन्ही सबबी गेल्या.

"माझ्या जिभेपायी तुझं औषध घालवून बसलो," ते म्हणाले.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं. गुडघ्यावर बसून चिठ्ठी शोधल्याचं ऐकल्यावर तिला हसू आवरेना. "घालवलं कुठे? पोस्टमन घेतोय की," ती म्हणाली. "आणि दीड महिन्यानं तुम्ही घ्याल."

साहेबांनी भिंतीवरची चौकट उतरवली आणि ओट्यापाशी येऊन साखरेचा डबा तिच्यासमोर ठेवला.

"उद्यापासून चहात साखर तूच घाल."

"अहो, माझ्या हातून निम्मी सांडते."

"म्हणूनच," साहेब म्हणाले. "सात वर्षं तू अडवलंस, आणि दोन वर्षं तुझ्या हातांनी. त्या दोन्हींच्या जिवावरच मी तपासणीत पास झालो होतो."