तुम्ही जाऊन या

मी एक जुनी तपकिरी सुटकेस आहे. माझ्या एका कोपऱ्याचा पत्रा उडाला आहे, मूठ दोनदा बदलली आहे आणि डाव्या बाजूचं कुलूप मनात आलं तरच लागतं. तरीही मित्रांनो, मला कोणी भंगार म्हटलं की राग येतो. सगळा प्रदेश फिरून आलेली आहे मी!

माझा जन्म एका अरुंद कारखान्यात झाला. जाड पुठ्ठ्यावर कापड ताणून चिकटवणारा कारागीर शिट्टी वाजवत काम करायचा. मला कुलपं बसवल्यावर त्याने ती उघडबंद करून पाहिली आणि खूश होऊन माझ्या पाठीवर थाप मारली. ते माझं पहिलं कौतुक. मग दुकानाच्या काचेआड काही दिवस धूळ खाल्ली आणि एका संध्याकाळी बाबा मला घरी घेऊन आले.

बाबा छापखान्यात कामाला होते. तिथे पर्यटकांसाठी माहितीपत्रकं छापली जात. त्यामुळे कुठल्या किल्ल्याला कुठल्या फाट्यावरून जायचं, कुठल्या किनाऱ्यावर शंख सापडतात, धबधब्याला पाणी केव्हा असतं, हे सगळं बाबांना तोंडपाठ. त्यांनी घरात जाहीर करून टाकलं होतं, "आपल्याच भागात एवढं बघण्यासारखं आहे. ते संपल्याशिवाय बाहेर पाऊल टाकायचं नाही." वर्षातून एकदा, मुलांना सुट्टी लागली की निघायचं. घरात मुलं दोन. मोठी ताई आणि तिच्यामागचा धाकटा.

मला भरायचं काम आईचं. पहिल्याच वर्षी तिने माझ्या तळाशी कागद अंथरला. छापताना रंग थोडा सरकल्यामुळे वाया गेलेलं ते पत्रक होतं. त्यावर एक तळं होतं, निळंशार, मध्ये एक होडी आणि मागे डोंगर. आई म्हणाली, "इथे जाऊ या की यंदा." बाबा हसले. "अगं, ते तर हाकेच्या अंतरावर आहे. तिथे काय, कधीही जाता येईल. आधी लांबची उरकू." आईने मान हलवली आणि तळ्यावर धाकट्याचे सदरे रचले.

मित्रांनो, आता एक गोष्ट सांगते, हसू नका. एवढी फिरले, पण मी पाहिल्या त्या फक्त खोल्या. सामानाला कोण समुद्र दाखवतो? मला खाटेखाली सरकवायचे आणि सगळे बाहेर पडायचे. सगळे म्हणजे बाबा, ताई आणि धाकटा. आई मागे राहायची.

बाबांच्या पोटाला बाहेरचं सोसत नसे. म्हणून माझ्या पोटात जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेला स्टोव्ह असायचा. त्याच्या रॉकेलचा वास माझ्या अस्तरात अजून आहे. खोलीत शिरल्या शिरल्या आई खिळ्यापासून खिडकीच्या गजापर्यंत दोरी बांधायची. मुलांचे ओले कपडे, स्वयंपाक, भांडी, पुन्हा कपडे. बाबा दारातून विचारायचे, "येतेस ना?" विचारायचे हं, तेवढं खोटं बोलणार नाही. आणि आई म्हणायची, "तुम्ही जाऊन या. मी एवढं आवरते."

किनाऱ्यावर गेलो त्या वर्षी मात्र ती तयार झाली होती. स्वयंपाक पहाटेच उरकला होता, नवी चप्पल पायात होती. तेवढ्यात धाकट्याचं अंग तापलं. आईने चप्पल काढून दाराशी ठेवली, तोंड बाहेरच्या बाजूला करून. म्हणजे लगेच निघायला बरी. मुक्कामाचे दोन्ही दिवस ती चप्पल तशीच राहिली. समुद्राचा आवाज खोलीत येत होता. धाकटा झोपला की आई हातातलं काम थांबवून ऐकत बसायची.

मला समुद्र कळला तो ताईच्या फ्रॉकच्या शिवणीत अडकलेल्या वाळूवरून. किल्ला कळला कुसळं लागलेल्या मोज्यांवरून. धबधबा म्हणजे दोन दिवस न वाळणारे टॉवेल. आणि आईला कळलं ते मुलांना विचारून. "पाणी कुठून पडत होतं? बोलताना ऐकू येत होतं का? दगड कसे होते, गुळगुळीत की टोकदार?" मुलं कंटाळायची. त्यांना वाटायचं, आई काळजीपोटी उलटतपासणी घेते आहे.

घरी परतल्यावर शेजारच्या काकू यायच्या. त्यांच्यापुढे आई त्या धबधब्याचं असं वर्णन करायची की मीही कान टवकारून ऐकायची. पुढच्या वर्षी काकू स्वतः तिथे जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत ना, अगदी तस्संच आहे बघा!" आई लाजली आणि घाईघाईने चहा टाकायला आत गेली. मी मूग गिळून गप्प. सुटकेसला दुसरं काय जमतं?

अशी वर्षं गेली. किल्ले झाले, लेणी झाली, गरम पाण्याची कुंडं झाली. तळं जवळ होतं, म्हणून राहिलं. ताई सासरी गेली, धाकटा नोकरीला लागला, बाबा निवृत्त झाले. चाकांच्या गुळगुळीत बॅगा घरात आल्या आणि मी माळ्यावर गेले. तिथे एका मोडक्या पंख्याखाली पडून असताना मला रोज वाटायचं, आज कोणीतरी हाक मारेल.

हाक आली. ताईने ठरवलं होतं, आईला कुठेतरी न्यायचं. "आई, तू सांग कुठे." आई क्षणभरही न थांबता म्हणाली, "तळ्यावर." आणि माझ्याशिवाय यायला तयार होईना. धाकटा चिडवत होता, "आई, ही म्हातारी वाटेत उघडली तर लाज जाईल." पण आईने मला स्वतः पुसलं. त्या दिवशी माझा ऊर भरून आला होता.

विश्रामगृहात वरच्या मजल्यावर खोल्या मिळाल्या. आमच्या खोलीची खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडत होती. नातवंडांना दम निघेना. एकाचा सदरा सांडलेल्या दुधाने माखला होता. तो पाहून इतक्या वर्षांची सवय आईच्या तोंडून बोलून गेली, "तुम्ही जाऊन या. मी एवढं आवरते, येतेच मागून."

आणि मित्रांनो, सगळे गेले. वाईट नव्हते ते. जन्मभर हेच वाक्य ऐकलं होतं आणि जन्मभर ते ऐकून गेले होते.

आईने सदरा धुतला, दोरी बांधली. मग चप्पल घालून जिन्याशी गेली. जिना उभा होता, कठडा नव्हता, आणि तिचे गुडघे कधीच कामातून गेले होते. थोड्या पायऱ्या उतरल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग ती हळूहळू परत आली. तिने मला उघडलं, कपडे बाजूला केले आणि तळाशी अंथरलेला तो तळ्याचा कागद हाताने सारखा केला. "चला," ती मला म्हणाली, "आपण दोघी आहोत."

अंधार पडताना सगळे हसत परतले. ताईने विचारलं, "का गं, आली नाहीस?"

"आले होते की जिन्यापर्यंत. दिसलं तिथून. छान आहे हो."

दुसऱ्या दिवशी नातवंडांच्या शाळेसाठी सकाळीच निघायचं होतं. त्यानंतरच्या थंडीत आई गेली.

परवा सगळे जमले होते. ताई जुने फोटो चाळत होती. किनारा, किल्ला, धबधबा, तळं. मध्येच ती थांबली. "आई एकाही फोटोत कशी नाही?"

"ती फोटो काढत असेल," बाबा म्हणाले.

"बाबा," धाकटा हळूच म्हणाला, "आईला कॅमेरा धरता येत नव्हता."

बाबांनी फोटो पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतले. सगळे बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मग ती होती कुठे?"

मी कोपऱ्यातच होते. मला बोलता आलं असतं तर!

मित्रांनो, माझी डागडुजी करा असं मी म्हणणार नाही. माझं काय, माळा आहेच. पण सुट्टीला जाल तेव्हा खोलीचं दार ओढण्याआधी मागे वळून बघा. कोणी "तुम्ही जाऊन या" म्हणालं, तर ऐकू नका. हाताला धरून बाहेर आणा, जिना उभा असेल तर दोघांनी धरा. कपडे ओले राहू देत, भांडी पडू देत. सामानाजवळ कोणीतरी हवं असेल, तर मी आहे ना खोलीत.