रुखवतातला केक

प्रत्येक घराण्याची एक परंपरा असते आणि ती पुढच्या पिढीच्या हाती सुखरूप सोपवणं हे मागच्या पिढीचं पहिलं कर्तव्य असतं. आमच्या घराण्याची परंपरा केकची आहे. केक एकच होता, १९९१ सालचा, आणि तोही वहिनीच्या माहेरचा.

माझी पुतणी वैदेही हिचं लग्न वेल्ह्याच्या अमृतशी ठरलं. भोरच्या कार्यालयात रिसेप्शनला केक कापायचा, हे दोघांनी मुहूर्ताच्याही आधी ठरवून टाकलं होतं. तिनं मोबाईलवर एक तीन मजली पांढरा केक दाखवला. खांबबिंब होते त्याला.

"हा ट्रॅडिशनल आहे, बाबा."

"कुणाचा ट्रॅडिशनल?" केशवदादा म्हणाला. "आपला ट्रॅडिशनल केक म्हणजे तुझ्या आईच्या रुखवतातला. मंगलमावशीनं केलेला. काय ती जाळी, काय तो वेलचीचा वास! तशी चव पुन्हा नाही."

हे वाक्य मी दादाच्या लग्नापासून ऐकतोय. कुणाच्याही वाढदिवसाला केकचा तुकडा तोंडात गेला, की पाठोपाठ ते बाहेर येतं.

"मग आई, करूनच दाखव," वैदेही म्हणाली. "बाबांना तीच चव लागली तर तोच केक. नाहीतर हा पांढरा."

वहिनीनं रविवार ठरवला. मंगलमावशीनं तिला लहानाची मोठी केलेली. मावशी गेली, वेल्ह्याचं घर विकलं गेलं. माहेरचं असं काही उरलंच असेल, तर हा केक.

रविवारी तिनं माळ्यावरून जाड बुडाचं पातेलं काढलं. आत वाळू, वाळूवर डबा, डब्यात रवा, दही, साय, साखर, वेलची. पूर्वी वाळू नदीतून आणत. आता नदीत वाळू नाही, म्हणून मी शेजारच्या सोमनाथच्या बांधकामावरून घमेलंभर मागून आणली.

वाळू तापल्याचा वास घरभर पसरला. मला एकदम दादाच्या लग्नातला टेम्पो दिसला. मंगलमावशी केक मांडीवर घेऊन वेल्ह्याहून भोरपर्यंत आलेली. खड्डा आला की मावशी उडायची, केक नाही. मग रुखवतात साखरेच्या तुळशीवृंदावनाशेजारी त्याला जागा मिळाली. बायका लांबूनच बघून जात होत्या. त्यातल्या बऱ्याच जणींनी केक पहिल्यांदाच पाहिला होता.

एवढ्यात अमृतची आजी, रतनबाई, तांदळाची पिशवी घेऊन एसटीनं आल्या.

"अंडं न्हाई ना वो त्यात?"

"नाही, आजी."

केक डब्यातून सुटला. वहिनीनं पहिला तुकडा दादापुढे धरला. दादानं डोळे मिटले, बराच वेळ चावला आणि म्हणाला, "तीच! अगदी तीच चव!"

वहिनीनं पदरानं डोळे टिपले. वैदेहीनं तिथूनच बेकरीला फोन करून पांढरा केक रद्द केला. रतनबाईंनीही एक तुकडा खाल्ला.

"ह्यो तर शिराच हाय की! वाळवल्याला. पर ग्वाड हाय."

मी मात्र ताटली घेऊन स्वयंपाकघरात सटकलो. वहिनी पातेल्यातली वाळू घमेल्यात काढत होती.

"भाऊजी, तोंड का लपवताय?"

"कुठं काय."

"सासूबाईंनी तो केक परसात नेला, तेव्हा मी दारातच उभी होते."

मी ताटली ओट्यावर ठेवली. केक म्हणजे अंडं, असं आमच्या आईचं ठाम मत होतं. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तिनं तो कुणाला हात लावू न देता म्हशीपुढे टाकला होता. हे फक्त मला माहीत आहे, अशी माझी समजूत होती.

"म्हणजे दादानं खाल्लाच नाही, हे तुला ठाऊक होतं? मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"पहिल्या दिवाळीला मावशी आली होती. 'जावईबापू, केक कसा होता?' म्हणाली. त्यांनी तिला हेच सांगितलं, जाळी, वेलची. मावशी जाईपर्यंत दर भेटीत सांगायचे. आता त्यांना ते खरंच आठवतं." तिनं वाळूवर ताट झाकलं. "आणि माझ्या माहेरचं दुसरं काय आठवतं हो कुणाला?"

बाहेर दादा रतनबाईंना जाळी समजावून सांगत होता.

म्हशीनं तो अर्धाच खाल्ला होता.